उजवीकडे कललेलं

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज पवित्राक्कांकडे पहिला दिवस. पीण्यात, कारखान्यांच्या त्या वस्तीत, इतक्या आत कधी गेले नव्हते. रिक्षावाल्यानं पत्र्याच्या शेडच्या रांगेसमोर सोडलं आणि ‘इल्लेऽ’, म्हणजे इथेच, म्हणून निघून गेला. रविवार, त्यामुळे सगळी शटर्स खाली. खाली त्यांच्या नवऱ्याचं, शिवण्णांचं, लेथ मशीनचं वर्कशॉप आणि लोखंडी जिन्यानं वर गेलं की स्टुडिओ. मला वाटलं होतं निळे-जांभळे दिवे असतील. होती एक ट्यूबलाइट, दोन मोठे स्पीकर, एक कॉम्प्युटर, तीन जुने सिंथेसायझर आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गाद्या. गाद्यांवर अजून फुलांची डिझाइनं दिसतात.

हॉस्टेलमध्ये असताना ज्यांचे दोन अल्बम मी झिजवले, इलेक्ट्रॉनिक म्युझिक आपल्याकडं कुणी करतं हे ज्यांच्यामुळं मला कळलं, त्या बाई मला म्हणाल्या, ‘बस की गं. पाणी पी आधी.’ पन्नाशीच्या आहेत. मूळच्या निपाणीच्या, इथे इंजिनिअरिंगला आल्या आणि इंजिनिअरिंग सोडून कॉम्प्युटरवर आवाज बनवत बसल्या.

माझा ट्रॅक ऐकवला. मग म्हणाल्या, ‘चांगलं हाय. पण सगळीच जणं एकदम बोलायलीत. कुणाचं ऐकू?’ आणि एकेक आवाज बंद करत गेल्या. मी महिनाभर घडवलेले आवाज. शेवटी तीन उरले. त्या तिघांत माझं गाणं होतं. बाकीची नुसती गर्दी.

दर शनिवार-रविवार या म्हणाल्या. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे कीबोर्डचा क्लास ना?’ हो म्हटलं.

१६ मार्च, रविवार

मिक्सिंग. म्हणजे तयार आवाजांना त्यांची त्यांची जागा देणं. अक्का म्हणतात, ‘किक, बेस आणि गाणाऱ्याचा आवाज, ही तिघं मध्ये. घरात देव मध्ये असतोय तसं. बाकी पाहुण्यांनी डावी-उजवीकडं सरकून बसायचं.’ आणि किकचा, म्हणजे मोठ्या ढोलाचा, ठोका पडला की बेसनं, त्या खालच्या जाड सुरानं, क्षणभर मान खाली घालायची, नाहीतर दोघांची डोकी आपटतात. हे मी यूट्यूबवर शंभर वेळा पाहिलं होतं. कळलं आज.

जागेच्या बाबतीत त्या फार कडक आहेत. डोळे मिटायला लावून विचारतात, ‘झांज कुठं हाय? हाताने दाखव.’ मी दाखवलं की म्हणतात, ‘अजून स्वल्प डावीकडं.’ आणि त्यांचंच बरोबर असतं. घरी येऊन त्यांचे जुने अल्बम मोजून पाहिले. डावं-उजवं सोन्याच्या तराजूत घातल्यासारखं आहे.

१८ मे, रविवार

अक्का बारा-तेरा वर्षांनी नवीन अल्बम करताहेत. नाव ‘दुसरी पाळी’. मला विचारलं, मदतीला राहतीस काय? मी हो म्हणेपर्यंतही थांबले नाही, आधी मानच हलली.

माझं काम : फायली नीट लावणं, केबली, चहा आणि झालेली गाणी ध्रुवकडे पाठवणं. ध्रुव नागपूरचा, अक्कांचाच जुना विद्यार्थी. आता त्याचं मोठं नाव आहे. गाणं बाहेर जाण्याआधी त्याच्यावर शेवटचा हात तो फिरवतो. त्याचा स्टुडिओ हेब्बाळला, माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याजोगा.

७ जून, शनिवार

आज काहीतरी विचित्र झालं.

अक्कांनी पहिलं गाणं पुरं केलं. खाली मशीन चालू होती म्हणून त्यांनी सगळं काम हेडफोनवर केलं. त्या जेवायला घरी गेल्या आणि पाठवण्याआधी मी एकदा ऐकलं. सगळं उजवीकडे कललेलं. बेस, किक, सगळं. बस वळताना माणसं एका बाजूला झुकतात तसं. आधी वाटलं हेडफोन बिघडला. दुसरा लावला. तेच.

ज्या बाई देव मध्ये असतो म्हणतात, त्यांनी देवच उजवीकडं सरकवला होता.

मला वाटलं, थकल्या असतील. किंवा मुद्दाम असेल, मला कळत नसेल. पण मुद्दाम वाटत नव्हतं. मी फाइल उघडली आणि एकेक आवाज मध्ये आणला. थोडा वेळ लागला. मग पाठवलं. अक्का परत आल्यावर ‘पाठवलं’ एवढंच सांगितलं.

सांगायला हवं होतं का? मी शिकायला येऊन चार महिने झालेत. मी काय म्हणून सांगू?

२२ जून, रविवार

दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याचंही तेच. तिसरं जास्तच. मी सरळ केली.

ध्रुवचा अक्कांना फोन आला, स्पीकरवर होता. ‘अक्का, काय बॅलन्स आहे राव! मला काही करायलाच ठेवलं नाही तुम्ही.’ अक्कांनी फोन ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. म्हणाल्या, ‘आयतु, झालं तर. म्हणजे जमतंय अजून.’

मला इतकं बरं वाटलं. त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. ध्रुवनं ज्याला शाबासकी दिली तो माझा हात होता.

१३ जुलै, रविवार

गेले तर अक्का हेडफोन उलटा घालून बसल्या होत्या, डावा उजवीकडे. मी म्हटलं, ‘अक्का, उलटा आहे.’ त्यांनी काढून टेबलावर ठेवला. ‘सरी, बरं,’ म्हणाल्या. चेहरा उतरलेला वाटला. शिवण्णांशी भांडण झालं असेल.

चहा पिताना सहज म्हणाल्या, ‘उजव्या कानात शिट्टी वाजतेय गं हल्ली. कुकर विसरल्यागत.’ मी विचारलं, डॉक्टर? त्या म्हणाल्या, ‘तीस वर्षं स्पीकरला कान लावून बसलीय. शिट्टी नाही वाजणार तर काय सनई वाजणार?’ आम्ही दोघी हसलो.

निघताना म्हणाल्या, ‘अल्बमवर तुझं नाव घालायचंय. माझ्याबरोबर. निर्मिती : पवित्रा आणि मुग्धा.’ जिना उतरताना पाय जमिनीला लागत नव्हते. आईला फोन केला. ती विचारते, कीबोर्डच्या परीक्षेत पास झालीस का!

२९ जुलै, मंगळवार

ऑफिसात काम कमी होतं. अक्कांना उजवीकडचं कमी ऐकू येत असेल, म्हणूनच ती बाजू त्यांच्या हातून चढत असेल, असं वाटायला लागलं होतं. एका कानात शिट्टी, एका बाजूनं कमी ऐकू येणं, असं शोधलं. बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट लिहिली होती : दोन्ही कानांत असेल तर वयानं, आवाजानं असू शकतं. एकाच कानात असेल तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा.

वाचलं आणि टॅब बंद केला.

का बंद केला ते इथे तरी लिहावं. अल्बमची तीन गाणी राहिली आहेत. डॉक्टर म्हटलं की सगळं थांबणार. सगळं थांबलं की माझं नावही. हे असं स्पष्ट मनात आलं नव्हतं, पण टॅब बंद करायच्या खुणेवर बोट गेलं तेव्हा आतून हेच ढकलत होतं.

अल्बम झाल्यावर सांगीन. दोन महिन्यांनी काय फरक पडतो.

२४ ऑगस्ट, रविवार

अक्कांनी आज खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, ‘मुग्धा, मी दिलेल्या गाण्यांत तू काही बदलतीस काय?’

रागावून नाही. हळू आवाजात. हात मांडीवर धरून बसल्या होत्या, शाळेत शिक्षकांसमोर बसावं तशा.

मी म्हटलं, ‘नाही अक्का. का?’

‘काही नाही. असंच.’

‘तुमचंच आहे सगळं.’

‘सरी,’ म्हणाल्या आणि परत स्क्रीनकडे वळल्या.

मी आठवडाभर ऑफिसात लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यांचे फोटो काढते, नावानिशी कळवते. कुणाला वाईट वाटेल असा विचार कधी करत नाही. त्याचाच मला पगार मिळतो. आणि इथे तोंडावर विचारलं तर ‘नाही’ म्हणाले. त्यांना दुखवायचं नव्हतं म्हणून. हो, म्हणूनच.

१४ सप्टेंबर, रविवार

ऑक्टोबरमध्ये हेब्बाळला एका कलाकेंद्रात अक्कांचा कार्यक्रम ठरला. नवीन गाणी लोकांसमोर पहिल्यांदा, थेट. दुपारचा आहे. अक्का सराव करतात तेव्हा मी एका कोपऱ्यात बसते. थेट वाजवताना मी काहीच सरळ करू शकत नाही.

ध्रुव म्हणाला, पुढच्या वर्षी माझ्याकडे येशील का, असिस्टंट म्हणून? मी विचार करते म्हटलं. अक्कांना सांगितलं नाही. आणखी एक न सांगितलेली गोष्ट.

शेवटचं गाणं अक्कांनी स्वतःच पाठवून टाकलं, मी ऑफिसात असताना. ध्रुव काय म्हणेल याची धास्ती आहे. अजून काही बोलला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

क्रमानं लिहिते.

हॉल छान भरला होता. बरेचसे अक्कांच्या जुन्या दिवसांतले लोक, कुणी मुलांना घेऊन आलेले. अक्कांनी कांजीवरम साडी आणि खाली स्पोर्ट्सचे बूट घातले होते. लोक टाळ्या वाजवायला लागले तशी अक्कांच्या हातून पहिल्या गाण्यातच उजवी बाजू चढायला लागली. मी साउंड बघणाऱ्या माणसाच्या शेजारी उभी होते. दुसऱ्या गाण्यात उजवीकडच्या स्पीकरमधून सिंथचा तो उंच सूर असा निघाला की पत्रा कापल्यासारखा. एका बाईंनी मांडीवरच्या मुलाचे कान झाकले. साउंडवाल्यानं मला हिंदीत विचारलं, ‘मॅडम, ये ऐसा ही चाहिए क्या?’

एक बटन होतं त्याच्यासमोर. दोन्ही बाजू एक करून टाकणारं. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर त्यानं दाबलं असतं. पण मग अक्कांनी नंतर विचारलं असतं का दाबलं, आणि मग जूनपासूनचं सगळं निघालं असतं.

मी म्हटलं, ‘हां, ऐसा ही है.’

लोक उजवीकडून उठून डावीकडे जायला लागले. आधी दोघे-चौघे, मग रांगच्या रांग. अक्कांना वरून दिसलं. त्यांना वाटलं लोक नाचायला उठताहेत. त्या हसल्या आणि आवाज अजून वाढवला.

हे मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यांचं ते हसणं.

संपल्यावर स्टेजच्या पायऱ्या उतरताना त्यांचा तोल गेला. अडखळल्या नाहीत, काही नाही, नुसत्या उजवीकडे कलल्या आणि पडल्या. शिवण्णा धावले पण पोचले नाहीत. कपाळाला खोक. रक्त साडीवर. अक्का म्हणत होत्या, ‘काही नाही, चक्कर आली, येतीय अधूनमधून.’ शिवण्णा कन्नडमध्ये ओरडले, ‘अधूनमधून? मला का सांगितलं नाहीस?’

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

गाठ आहे. उजव्या कानाच्या नसेवर, आत, मेंदूच्या जवळ. कॅन्सर नाही, हळूहळू वाढणारी. पण आता काढावी लागणार.

डॉक्टरांच्या खोलीत शिवण्णांनी मलाही बसवलं, त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. डॉक्टरांनी विचारलं, ऐकू कमी येणं कधीपासून? अक्का म्हणाल्या, ‘नेमकं नाही सांगता येत.’ शिवण्णा म्हणाले, ‘एक-दोन महिने?’

सात जूनपासून. मला नेमकं सांगता येत होतं. माझ्या कॉम्प्युटरवर फाइल आहे.



डॉक्टर म्हणाले, गाठ काढताना उजव्या कानाचं ऐकणं जाईल. चेहऱ्याची नसही तिथूनच जाते, तिला जपायचा प्रयत्न करू. शिवण्णांनी विचारलं, कान वाचणारच नाही? ‘गाठ लहान असताना आला असतात तर प्रयत्न करता आला असता. खात्री तेव्हाही देता आली नसती.’

प्रयत्न करता आला असता. खात्री नसती. या दोन वाक्यांच्या मधे मी सकाळपासून येरझाऱ्या घालते आहे. कधी एकाला धरते, कधी दुसऱ्याला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. पुण्याला गेले नाही. आईला सांगितलं, रजा नाही. शिवण्णांनी घरी यशवंतपूरला फराळाला बोलावलं होतं, तिथेही गेले नाही. त्यांना सांगितलं, पुण्याला जातेय. खोलीत दिवा न लावता बसले.

२६ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

अक्का घरी हॉलमध्ये कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. कपाळावर पट्टी. मी उजवीकडे बसले तर म्हणाल्या, ‘हिकडं ये, या अंगाला.’ डावीकडे जाऊन बसले आणि एका दमात बोलून टाकलं. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं, सगळी. त्या काड्या मोडत होत्या. थांबल्या नाहीत.

‘सगळी?’

‘एक सोडून. शेवटचं तुम्हीच पाठवलं होतं.’

अक्का हसल्या. ‘म्हणून ध्रुव म्हणाला, शेवटच्यात वेगळाच प्रयोग केलायसा. मला कळंना, कसला प्रयोग!’

मला हसू आलं नाही. मी टॅबचंही सांगितलं. कार्यक्रमातल्या बटनाचंही. म्हटलं, ‘अक्का, माझ्यामुळे तुमचा कान गेला.’

त्यांनी कोथिंबीर बाजूला ठेवली.

‘कानाचं तू अंगाला लावून घेऊ नको. शिट्टी माझ्या कानात वाजत होती, तुझ्या नव्हं. मी काय लहान पोर होते? भीती वाटली म्हणून गेले नाही. दवाखान्यात गेलं की खरं होतंय. न गेलं की थोडे दिवस खोटं राहतंय.’

मला रडू फुटलं. वाटलं, माफ केलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, ‘पण मी तुला विचारलं होतं, मुग्धा.’

मी वर पाहिलं.

‘हेडफोन उलटा घालून बघितलं होतं मी. डाव्या कानाला समदं धाडकन ऐकू आलं. म्हटलं, ही काय भानगड? आपण असलं पाठवतोय, आणि ध्रुव वाहवा करतोय? मग कोण मध्ये आणतंय? तुझ्याशिवाय कोण हाय? महिनाभर धीर गोळा केला आणि विचारलं. तोंडावर विचारलं. तू हो म्हणली असतीस तर त्याच संध्याकाळी मी ह्यांना घेऊन दवाखान्यात गेले असते.’

‘अक्का...’

‘तू नाही म्हणालीस. डोळ्यात बघून. मग मला वाटलं, आपल्यालाच भास व्हायलाय. आपलं डोकं फिराय लागलंय. कानाचं दुखणं परवडलं गं. रात्रंदिवस आपल्यालाच खोटं म्हणत बसायचं, ते नाही परवडलं.’

स्वयंपाकघरातून शिवण्णा कन्नडमध्ये काहीतरी विचारत होते, मीठ किती घालू असं बहुतेक. अक्कांनी उत्तर दिलं, अगदी रोजच्या आवाजात. मग मला म्हणाल्या, ‘जेवून जा.’

मी जेवले नाही. जेवायला हवं होतं का? घरी आल्यावर कळेना, त्यांनी जेवून जा म्हटलं ते मनापासून की रीत म्हणून.

दोन महिने मी त्यांच्या कानाचा विचार करत होते. त्या ‘नाही’चा मी विचारच केला नव्हता. ती दोन अक्षरं बोलल्याची मला आठवणही नीट नव्हती, मागची पानं उलटून पाहावी लागली. तिथे लिहिलंय, ‘त्यांना दुखवायचं नव्हतं म्हणून.’ खाडाखोड करणार नाही. तसंच राहू दे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन झालं. मी हॉस्पिटलच्या बाहेर उभी होते, आत गेले नाही. संध्याकाळी शिवण्णा चहा प्यायला बाहेर आले, मला पाहिलं. अक्कांनी त्यांना सगळं सांगितलंय, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळलं. माझ्यासाठीही चहा घेतला. कप हातात दिला आणि म्हणाले, ‘शुद्धीवर आली. तोंड थोडं वाकडं झालंय. डॉक्टर सांगतात, सुधारेल.’

मी सॉरी म्हटलं. त्यांचं मराठी मोडकं आहे, शब्द शोधत बोलतात. म्हणाले, ‘मी पण. घरात ती माझ्या डाव्या बाजूला झोपायची, एक दिवस उठून उजव्या बाजूला आली. का ते मी विचारलं नाही. पंखा लागत असेल म्हटलं.’

चहा संपवला आणि आत गेले. माझ्याकडे परत वळून पाहिलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

ध्रुवला सगळं खरं सांगितलं. अल्बम थांबला आहे तो का, हे त्याला कळायलाच हवं होतं. मग त्याचं पहिलं वाक्य : ‘थांब, म्हणजे ते सगळे मिक्स तुझे होते?’ डोळ्यांत कौतुक.

आणि मला आनंद झाला. एक क्षण, पण झाला. लख्ख. अक्का हॉस्पिटलमधून घरी येऊन आठवडा झाला नाही, डाव्या ओठानं पेज पिताहेत, आणि मला आनंद झाला.

त्याच्याकडे नोकरीला जमणार नाही म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. मला धड देता आलं नाही. जायची लायकी नाही असं म्हणणं म्हणजेही स्वतःभोवती आरती ओवाळणं झालं असतं.

७ डिसेंबर, रविवार

अक्कांचा मेसेज आला. रोज लिहायच्या तसाच कोरडा. ‘पुढच्या आठवड्यात ये. हेडफोन आण तुझा.’

मी येणार नाही असं त्यांना वाटलं असेल काय? मलाच वाटत होतं. दुसरं कुणी मदतीला मिळत नसेल म्हणून बोलावलं असणार. त्यांच्यासारख्या बाईला माझी काय गरज?

१४ डिसेंबर, रविवार

गेले. चेहऱ्याची उजवी बाजू अजून पूर्ण हलत नाही, हसतात तेव्हा अर्धंच हसू येतं. चालताना भिंतीला हात लावतात. जिना चढायला शिवण्णांनी मागून धरलं होतं.

खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, ‘आता ऐक. सगळी गाणी पहिल्यापासनं करायचीत. माझी मी करणार. तुझी सरळ केलेली मला नकोत, चांगली असली तरी नकोत. उजवीकडचं मला ऐकू येणार नाही, ते तू सांगायचं. तोंडानं. माऊसला हात लावायचा नाही.’

‘बरं.’

‘चांगलं असेल तर चांगलं. भिकार असेल तर भिकार. माझं तोंड बघून बोलायचं नाही.’

‘बरं अक्का.’

‘आणि अल्बमवर तुझं नाव राहील काय नाही, ते शेवटी बघू.’

मी म्हटलं, नसलं तरी चालेल. त्यावर त्या पटकन म्हणाल्या, ‘हे बघ, लगेच तोंड बघून बोललीस.’

१८ जानेवारी २०२६, रविवार

पहिलं गाणं आज सुरू केलं. तेच, जूनमधलं.

दोघी आपापले हेडफोन लावून बसलो. मी त्यांच्या डाव्या बाजूला. अक्कांनी बेस उचलला आणि अंदाजानं ठेवला. स्क्रीनवरचे आकडे बघून ठेवता आला असता, पण त्या आकडे बघत नाहीत, कधीच बघत नव्हत्या. डोळे मिटूनच करतात.

‘कुठाय?’

‘उजवीकडे.’

सरकवला. ‘आता?’

‘अजून उजवीकडेच आहे.’

‘आता?’

‘आता डावीकडे गेला. थोडा मागे.’

‘आता?’

मी डोळे मिटले. ऐकलं. परत ऐकलं. ‘आता मध्ये.’

‘नक्की?’

‘नक्की.’

अक्कांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. डाव्या डोळ्याची पापणी मिटते, उजव्याची अर्धीच. मला त्या नजरेला नजर द्यायची होती, खूप द्यायची होती. दिली. किती वेळ कोण जाणे. वाटलं, आता म्हणतील सरी, आणि पुढच्या आवाजाकडे जातील.

त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला, दाराकडे मान वळवली आणि नवऱ्याला हाक मारली, ‘रीऽ! अहो, स्वल्प वर या.’

शिवण्णा जिना चढून आले. रविवारचं एकटेच काहीतरी दुरुस्त करत होते, हात काळे. अक्कांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला, त्यांचे हात लागू नयेत म्हणून स्वतःच. ‘बेस कुठाय सांगा. ही म्हणते मध्ये.’

त्यांनी ऐकलं. अवघडून माझ्याकडे पाहिलं नाही, खाली फरशीकडे पाहत ऐकलं.

‘मध्येच आहे,’ म्हणाले.

‘सरी. जावा.’

ते गेले. अक्कांनी हेडफोन माझ्या हातात दिला आणि झांज घेतली. झांजेनंतर परत हाक मारली. त्यानंतरच्या सिंथलाही मारली. दर वेळी शिवण्णा आले, फरशीकडे बघत ऐकलं, मी सांगितलं होतं तेच सांगितलं आणि खाली गेले. चौथ्या वेळी मीच उठून दारात गेले आणि त्यांना हाक मारली.